राजश्रीच्या नावापुढे लिहायचा शब्द

मी, गंगाराम दादू मांडवकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज व दस्त लिहिणे, हल्ली धंदा बंद, राहणार मालगुंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घराच्या पडवीत बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. साखर आहे आणि गुडघे गेलेत, पण त्यांचा बुद्धीशी संबंध नाही. नशापाणी केलेलं नाही. कुणाचा दबाव नाही, असंही इथे लिहायची रीत आहे. ते वाक्य लिहायला हात उचलत नाही, म्हणून तूर्त सोडतो.

कलम १. यापूर्वी मी स्वतःचं मृत्युपत्र केलेलं नाही. दुसऱ्यांची इतकी केली की माणसं माझ्या टेबलाशी बसून, चहात खारी बुडवत, आपल्या मरणाच्या गोष्टी करायची आणि मी 'पुढे सांगा' म्हणायचो. आता स्वतःवर आल्यावर एका जागी बसवत नाही. सकाळपासून सारखा उठतोय, दारापर्यंत जातोय, रस्त्यावर गाडी वाजली की परत येऊन बसतोय. माझा मुलगा विनोद काल मुंबईहून आला. साक्षीदार म्हणून दोन मित्र बरोबर आणलेत. ते तिघे गणपतीपुळ्याला दर्शनाला गेलेत, चार वाजता येतील आणि मला गाडीत घालून रत्नागिरीला नोंदणी कार्यालयात नेतील. विनोदच्या वकिलाने मसुदा टाइप करून दिलेला आहे. मी म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलं, माझं मी माझ्या अक्षरात उतरवून काढतो. 'हो आप्पा, तुम्ही म्हणाल तसं,' विनोद म्हणाला. तेव्हा पुढची कलमं त्या मसुद्यावरून उतरवत आहे, मधलं बोलणं माझं. खाडाखोड करणार नाही. ती मी कुणाच्याही कागदात केली नाही.

कलम २. मिळकतीचं वर्णन. मौजे मालगुंड येथील चिऱ्याचं कौलारू घर, पुढे अंगण, मागे विहीर, कलमी आंबे आणि दोन माड. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सरकारी खाजण, म्हणजे खाडीकडची खारी जमीन, दक्षिणेस सोनूबाई घवाळी हिचं घर, उत्तरेस एका गृहस्थाची वाडी, ज्याने आमच्यामधला दगडी गडगा दर उन्हाळ्यात दुरुस्तीच्या नावाखाली माझ्या बाजूला सरकवला. तो गृहस्थ वारला, म्हणून नाव लिहीत नाही. पण असं वागण्याला कुरापत म्हणतात, अतिक्रमण नव्हे. अतिक्रमण करणाऱ्याला जमीन हवी असते. कुरापत काढणाऱ्याला मी रोज सकाळी चिडलेला बघायला हवा होतो, आणि मी चिडायचो. घर व जागा माझी स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित एक पितळी तांब्या होता, तो धाकट्या भावाने नेला.

कलम ३. अवजारं. माझा मराठी टाइपरायटर, त्यातला 'ळ' अर्धा उमटतो, घडीचं टेबल आणि छत्री अजिंक्यला द्यावी. तो हल्ली माझ्या जागी संगणक घेऊन बसतो. कोर्टातली मंडळी त्याला आगाऊ म्हणतात. विचारायच्या आधी बोलतो तो आगाऊ. मीही त्याला एकदोनदा म्हटलं असेन. पण पक्षकार भलत्याच कागदावर अंगठा उठवायला निघालेला असताना, मला कुणी विचारलं नाही म्हणून गप्प बसणारा सभ्य माणूस काय चुलीत घालायचाय? टाइपरायटर त्याला उपयोगी नाही हे मला कळतं. त्याने तो नुसता ठेवावा.

कलम ४. पोस्टातली ठेव विनोदला. माझी दिवंगत पत्नी सावित्री हिच्या मोत्याच्या कुड्या विनोदची मुलगी सानवी हिला. सानवी फार द्वाड आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. द्वाड हा शब्द ओठांवर हसू आल्याशिवाय म्हणताच येत नाही, आणि ज्या घरात पोराला कुणी द्वाड म्हणत नाही त्या घरातलं पोर आजारी तरी असतं नाहीतर भेदरलेलं.

कलम ५. कलम २ मध्ये वर्णन केलेलं घर व जागा माझ्या पश्चात माझा मुलगा विनोद यास पूर्ण मालकी हक्काने मिळावी. माझी मुलगी राजश्री हिचं लग्न करून दिलं आहे, तिला साडीचोळीखेरीज काही मिळू नये.

(सोनूबाई पडवीच्या पायरीवर येऊन उभी आहे. 'आप्पा, सकाळधरनं काय लिवताव? ज्येवायचा हाय का न्हाय?' मी म्हटलं, मृत्युपत्र. ती म्हणाली, 'मग आधी ज्येवा. उपाशी मानसाचा लिवलेला टिकत न्हाय.' कायद्यात असं काही नाही.)

कलम ६. पोटच्या वारसाला वगळायचं तर कारण लिहावं. कायदा मागत नाही, पण पुढे भांडण झालं तर न्यायाधीश आधी तेच बघतात. वकिलाच्या मसुद्यात या कलमाच्या सुरुवातीला 'सदर मुलीचे गैरवर्तन' असे शब्द आहेत. गैरवर्तन कारकुनाचं होतं, मग तो निलंबित होतो. मुलीचं गैरवर्तन होत नाही. तिचं काय होतं त्याला मराठीत निराळे शब्द आहेत आणि त्यातला नेमका कोणता, हे लिहिणाराने शोधायचं असतं. माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं आहे. माणूस समोर बसून आईबहिणीवरून खाल्लेल्या शिव्या चालीसकट ऐकवायचा आणि बाकीचे अर्जलेखक लिहायचे, 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली.' सगळ्यांना एकच सदरा. मी विचारायचो, नेमकं काय केलं? एकदा एक म्हातारा सुनेवर अर्ज करायला आला. म्हणाला, 'उद्धट लिवा.' मी विचारलं, उलट बोलते का? 'न्हाय, बोलतच न्हाय. इचारला तर मान फिरवते.' मी सांगितलं, मग ती उद्धट नाही, उर्मट आहे. उद्धट तोंडावरून कळतो आणि उर्मट मानेवरून. म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, 'न्हाय वो, ती माजलेली बी न्हाय. ती रागावलीय.' आणि अर्ज न करताच गेला. माझी फी बुडाली.

तर आता राजश्री. तोच हिशेब तिलाही लावतो.

उद्धट? लहानपणी होती. पाहुण्यांनी 'मुलगी सावळीच हो' म्हटलं की ती 'तुमी तरी कुटं गोरे हायसा?' म्हणायची. पण मोठेपणी वडीलधाऱ्यांसमोर विनाकारण तोंड चालवलेलं मला आठवत नाही. उर्मट? मान फिरवणं तिला येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलते, तेच लोकांना सोसत नाही. कजाग हा शब्द तिच्या सासरी एकदा निघाला होता, ती नवऱ्याच्या वाटणीचं भात मागायला दिराच्या दारात गेली तेव्हा. हा शब्द पुरुषाला लावलेला मी उभ्या जन्मात ऐकला नाही. हक्काचं मागणारा पुरुष व्यवहारी ठरतो. म्हणून तोही लिहीत नाही. फटकळ? आहे. शंभर टक्के आहे. पण फटकळपणापायी घरातून वगळायचं ठरलं तर या वाडीत एकाही बाईच्या नावावर छप्पर राहणार नाही, सोनूबाईच्या तर नाहीच.

('माजा नाव कशाला घेतलाव?' सोनूबाई विचारते आहे. तिला दुरून वाचता येतं हे मला माहीत नव्हतं.)

राहिला बेमुर्वत. मुर्वत म्हणजे भीड, समोरच्याचा मान. ती न राखणारा बेमुर्वत. हा शब्द बसतो असं मला गेली दोन वर्षं वाटत आलं आहे. का, ते लिहितो, म्हणजे कारण पूर्ण होईल.

कलम ७. सावित्रीची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिसला न्यावं लागे. तिथून आली की ती अंथरुणाला चिकटून पडायची, मला ते बघवायचं नाही. विनोद फोनवर म्हणाला, 'आप्पा, आईचे फार हाल होताहेत. आता घरीच शांत राहू दे का तिला? बघा, तुम्ही म्हणाल तसं.' मी म्हटलं, तुला बरं वाटतं तर तसं. पुढच्या वारी आम्ही गेलो नाही. सावित्रीने साडी बदलून ठेवली होती. गाडी का आली नाही हे तिने विचारलं नाही.

कुणी कळवलं कोण जाणे, राजश्री लांज्याहून टेम्पो घेऊन आली. पुढच्या सीटवर उशा रचल्या होत्या. आली ती चपला न काढता आत गेली आणि म्हणाली, 'आवशीला नेतंय.' मी म्हटलं, थांब, विनोदला विचारतो. तेव्हा ती याच पायरीवर उभी राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, 'इचारा! बसा इचारत! हितं मानूस मरतंय आन् तुमी फोन लावताव. मिंधं झालाव तुमी त्याचं, आप्पा. मिंधं!'

मिंधा म्हणजे ज्याने दुसऱ्याचं इतकं घेतलं आहे की त्याच्यापुढे जीभ उचलत नाही. बापाला मुलीने चारचौघांत म्हणायचा हा शब्द नव्हे. मी तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं. सावित्री लांज्याला दोन वर्षांचे आंबे खाऊन गेली. मी रविवारी तिला भेटायला जायचो. राजश्री माझ्यापुढे ताट ठेवायची, आम्ही दोघंही सावित्रीशी बोलायचो आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत यायचो. सावित्री गेल्यावर तेही थांबलं.

कलम ८. इथे मसुद्यातलं पुढचं वाक्य उतरवायचं आहे. चष्मा पुसून दोनदा वाचलं. 'सदर मुलीने माझ्या दिवंगत पत्नीची आजारपणात हेळसांड केल्याने.'

पेन ठेवलं. विहिरीपर्यंत जाऊन आलो. पुन्हा वाचलं, तोच शब्द.

हेळसांड म्हणजे नुसतं दुर्लक्ष नव्हे. दुर्लक्ष चुकून होतं. आपल्या भरवशावर पडलेलं माणूस डोळ्यांना दिसत असून त्याच्याकडे न बघणं म्हणजे हेळसांड. हा शब्द मी मोजून लिहीत आलो, कारण तो एकदा कागदावर चढला की उतरत नाही. राजश्री लांज्याच्या काजूच्या कारखान्यात कामाला आहे. डायलिसिसच्या दिवशी खाडा पडायचा. लांजा ते रत्नागिरी यष्टीत आईचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसायची, कंडक्टरने सीटवरून पाय काढायला सांगितलं तर त्याला काय बोलायची ते इथे लिहिता येणार नाही. हे मला सावित्रीने सांगितलं. सांगताना ती हसत होती. आमच्या घरात शेवटी शेवटी ती हसलेली मला आठवत नाही.

विनोदला फोन केला. म्हटलं, हेळसांड कुणी घातलं? 'आप्पा, ते वकिलांनी घातलंय, नुसती फॉर्मॅलिटी आहे. कारण काहीतरी लागतं ना? तुम्ही म्हणाल तर काढू, पण मग परत सगळं टाइप करा, आजची वेळ जाईल, घर घ्यायला पुण्याची पार्टीपण थांबलीय. आणि वाचतंय कोण ते?'

मी वाचतोय. आणि मी मेल्यावर ती वाचणार आहे. रत्नागिरीच्या कुठल्यातरी कचेरीत उभी राहून, बापाच्या सहीच्या वर. तेव्हा फटकळपणे उत्तर द्यायलाही समोर बाप नसेल. हे डोळ्यांसमोर आलं आणि मी उठून पायरीवर जाऊन बसलो. सोनूबाईने पाणी दिलं.

कलम ९. विनोद वाईट मुलगा नाही, हे आधी लिहितो. औषधं वेळेवर पाठवतो, फ्रीज त्याने घेतला, पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. सोनूबाई आत्ताच म्हणाली, 'विनोद गुनाचा हो तुमचा, कदी मोठ्यानं बोललेला ऐकला न्हाय.' मीही नाही ऐकला. त्याने मला आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही, आणि तरी प्रत्येक वेळी त्याच्याच मनासारखं झालं. वाईट वागण्याचे जेवढे शब्द मी जमवले ते सगळे आवाजाचे निघाले. हळू आवाजात, नमस्कार करून वाईट वागणाऱ्यासाठी फार थोडे आहेत. एक आहे. साळसूद. पूर्वी सरळ, निष्कपट माणसाला म्हणायचे, पण तसं दिसणारेच इतके झाले की शब्दाची चालच बदलली. मुलाच्या बाबतीत लिहिताना हात जड झाला. लिहिला.

आणि वर जे वाक्य सोडलं होतं ते आता लिहितो. या मृत्युपत्राच्या कलम ५ साठी माझ्यावर दबाव होता. तो गोड होता, म्हणून मला बरीच वर्षं कळला नाही.

कलम १०. दस्तात दोन कलमं एकमेकांविरुद्ध गेली तर पहिलं उभं राहतं. मृत्युपत्रात शेवटचं उभं राहतं. कारण मरणारा माणूस शेवटी जे बोलला तेच त्याचं खरं. ही गोष्ट मी शेकडो लोकांना सांगितली, आज माझ्या कामी आली. म्हणून कलम ५ तसंच राहू देतो, खोडत नाही, आणि हे शेवटचं कलम लिहितो. कलम २ मधलं घर व जागा, विहिरीसकट, झाडांसकट, सरकवलेल्या गडग्यासकट, माझी मुलगी राजश्री हिला पूर्ण मालकीने मिळावी. तिच्या नावापुढे मी काही लिहिलेलं नाही, कुणी घालूही नये.

इथे तिचं सासरचं पूर्ण नाव आणि वय लागतं. वय मला नक्की येईना. सोनूबाईकडे तिचा नंबर निघाला. बाईच्या चोंबडेपणाचा मला आज प्रथमच फायदा झाला. आमचं बोलणं झालं ते असं.

'राजश्री, तुझं वय काय?'

मागे काजूच्या टरफलांचा आवाज. मग, 'कशाला पायजे?'

'मृत्युपत्रात लिहायला.'

'मरताव काय?'

'आज नाही.'

'मग ज्येवलाव काय?'

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, 'सोनूकाकीला द्या फोन.' आणि सोनूबाईला जे काही झाडलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं. साखर हाय त्यांना, तीन वाजलं, तुमी काय नुस्त्या बगताव काय. सोनूबाईने फोन कानाशी धरूनच माझ्यासाठी ताट काढलं. मी खांबाला धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं, लाज वाटली नाही.

परत फोन घेतला आणि घराचं सांगितलं. ती उसळली. 'मला नको तुमचा घर! दादाला द्या. मी कदी मागलाय काय तुमच्याकडं? लोक म्हनतील आवशीला नेली ती घरासाठी.' मी म्हटलं, लोक म्हणोत. 'लोक न्हाय, मी म्हनतंय! सई करू नका. मी सुटी टाकून निघतंय, सांजंला पोचतंय. तवर सई करायची न्हाय, सांगून ठेवतंय!' आणि फोन ठेवला. वय सांगितलंच नाही. सोनूबाईने आपल्या धाकट्या बहिणीच्या वयावरून हिशेब लावून एकेचाळीस सांगितलं, ते लिहितो. राजश्री मोहन आग्रे, वय एकेचाळीस, राहणार लांजा.

विनोद चारला येईल. तो ओरडणार नाही. पाया पडेल, बाजूला बसेल, माझा हात हातात घेईल आणि म्हणेल, तुम्ही म्हणाल तसं. त्या आवाजापुढे मी आजवर कधी टिकलो नाही आणि या वयात टिकेन याची खात्री देत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. माझी सही आणि ती बघणारे दोन शहाणे साक्षीदार पुरतात. सोनूबाई आहे. नाक्यावरून संदेश रिक्षावाल्याला बोलावलं आहे. त्याला वाडी उंडगा म्हणते, कारण तो घरात सापडत नाही, पण हाक मारली की सापडतो. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

राजश्रीने सही करू नका म्हणून बजावलं आहे. जन्मात तिचं एकदाही ऐकलं नाही. आजही ऐकत नाही.

ठिकाण : मालगुंड, पडवीत
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२६, बुधवार, चारच्या आत

सही : गंगाराम दादू मांडवकर

आप्पांनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर असताना, जेवून मग सही केली. त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार
१. सोनूबाई घवाळी, मालगुंड
२. संदेश रेवाळे, मालगुंड